रस्त्याकडेचं गवत: विळा कधी लावायचा?

पोळा उरकतो तोवर खान्देशातल्या रस्त्यांच्या साइडपट्ट्यांवर गवत कमरेला लागलेलं असतं. धुळे घ्या, अमळनेर घ्या, शहादा घ्या. वळणावरचे फलक गवतात बुडतात, दुभाजकावरची कण्हेर समोरून येणारी मोटारसायकल झाकून टाकते आणि नगरसेवकांचे फोन वाजू लागतात. गणपती चार दिवसांवर आलेले असतात. मग ठेकेदाराची माणसं ब्रश कटर घेऊन उतरतात आणि मिरवणुकीचा रस्ता तेवढा चकाचक होतो. पुढची कापणी दिवाळीच्या तोंडावर, नाहीतर कुणी मंत्री येणार असेल तेव्हा. पालिकेचं वेळापत्रक असं सणवार आणि दौऱ्यांवर बेतलेलं असतं. गवताचंही एक वेळापत्रक असतं आणि ते फारसं बदलत नाही. त्याकडे बघून विळा चालवला, तर तेवढ्याच खर्चात बरीच डोकेदुखी टळेल.

आधी गवत वाढतं कुठून ते बघू. आंबा, लिंब, तूर यांचा वाढता कोंब फांदीच्या शेंड्याला असतो. गवताचं पान मात्र बुडापासून वर सरकतं, आणि नवीन पानं काढणारा कोंब फुलोऱ्याची वेळ येईपर्यंत जमिनीलगत दडून बसलेला असतो. गाईने वरचं पान ओरबाडलं तरी कोंब शाबूत राहतो आणि आठवड्यात गवत पुन्हा डोकं काढतं. रुंद पानांची उभी वाढणारी बरीच तणं अशा कापणीत मागे पडतात, कारण त्यांचा शेंडाच जातो. म्हणून जमिनीपासून चार-पाच बोटं उंची राखून पावसाळ्यात दोन-तीनदा गवत छाटलं, तर हरळी आणि मारवेल दाट होत जातात. ही दोन्ही गवतं मका-ज्वारीप्रमाणे कडक उन्हात, कमी पाण्यात अन्न तयार करण्यात तरबेज आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हरळी वरून मेल्यासारखी दिसते. पण जमिनीखालची तिची खोडं जिवंत असतात आणि पहिल्या पावसात ती सगळी साइडपट्टी पुन्हा धरून ठेवते.

हे धरून ठेवणं महत्त्वाचं. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात हातभर भेगा पाडते. मुळांचं जाळं नसेल तर वळवाच्या एका सरीत साइडपट्टीचा मुरूम गटारात जातो आणि डांबराची कड उघडी पडून तिथे पायरी तयार होते. दुचाकीचं चाक त्या पायरीवरून घसरलं की काय होतं, ते इथल्या वाहनचालकांना सांगायला नको. म्हणूनच कापण्याऐवजी जेसीबीचं बकेट लावून साइडपट्टी खरवडून काढतात, ते मला सर्वांत वाईट काम वाटतं. बिल पटकन निघतं, रस्ता चार दिवस रुंद दिसतो, आणि उघड्या पडलेल्या मातीवर पहिलं येतं ते गाजरगवत.

गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आता ते देशभर आहे. उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येतं. एका जोमदार झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात, आणि त्या इतक्या हलक्या असतात की पाण्याबरोबर, टायरच्या चिखलाबरोबर, मुरमाच्या डंपरबरोबर कुठेही पोचतात. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि कातडी काळवंडते. हातमोजे न घालता ते उपटणाऱ्या सफाई कामगारांना याचा त्रास सर्वांत जास्त. फुलं येण्याआधी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटलं तर काम होतं. बुडाशी नुसतं कापलं तर खालून दोन-तीन फुटवे येतात. आणि पांढरी फुलं पिकून बिया धरल्यावर ब्रश कटर चालवला, तर आपण सरकारी खर्चाने पेरणीच केली म्हणायची. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळतात. तारखा विचारपूर्वक निवडलेल्या आहेत, कारण जूनच्या पावसावर उगवलेली पहिली खेप तेव्हा फुलावर असते. आपल्याकडच्या पालिकांची पहिली कापणी बहुतेक वेळा याच्या पुढे घसरते.

गाजरगवताला आळा घालणारे दोन मदतनीस आपल्याच साइडपट्टीवर असतात. एक तरोटा, म्हणजे टाकळा. तो दाट उगवला की गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. दुसरा मेक्सिकोहून आणलेला पट्टेवाला भुंगेरा, झायगोग्रामा. १९८४ मध्ये बंगळूरला तो पहिल्यांदा सोडला गेला. जुलै-ऑगस्टमध्ये गाजरगवताच्या पानांची जाळी झालेली दिसली, की हा भुंगेरा कामावर आहे असं समजावं आणि त्या पट्ट्यात औषध मारू नये. तसंही ग्लायफोसेटसारखं तणनाशक रस्त्याकडेला सर्रास फवारणं आता नियमात बसत नाही; ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरतं मर्यादित केलं आहे.

सातपुड्याच्या पायथ्याकडे, चोपडा-शिरपूरच्या बाजूला, रस्त्याकडेला कुसळी गवत भरपूर. दिवाळीच्या सुमारास त्या गवतातून चालून या, पायजमा कुसळांनी भरतो. त्यातलं एक काढून तळहातावर ठेवा. एका टोकाला सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे पिळलेली लांब शेपटी. शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. पीळ सुटू लागतो आणि कुसळ तळहातावर हळूहळू गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. शेपटीत पेशींचे थर असे रचलेले आहेत की ओलाव्याने ते कमीजास्त फुगतात, म्हणून हे फिरणं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर बी मातीत स्वतःच गिरमिटासारखं शिरतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मेंढीच्या लोकरीत हेच घडतं आणि कातडीला जखमा होतात. ठेलारी मेंढपाळ कुसळं पिकलेल्या पट्ट्यातून कळप न्यायला का नाखूश असतात, ते यावरून कळेल. हे गवत कुसळं धरण्याआधी, सप्टेंबरात कापलं तर चांगला चारा. नंतर ते कुणाच्याच कामाचं राहत नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाळून उभं राहतं आणि एका विडीने पेटतं. त्या आगीत कडेच्या जुन्या कडुलिंबाची एका बाजूची साल भाजून निघते.

सालीचा विषय निघालाच आहे, तर ब्रश कटरबद्दल. पावसाळ्यात वाजतगाजत लावलेली रोपं दोन वर्षांत वाळतात आणि दोष पाण्याला दिला जातो. बुडाशी वाकून बघा. पुष्कळदा जमिनीपासून बोटभर उंचीवर साल चारी बाजूंनी सोललेली आढळते. पानात तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या नळ्या सालीच्या आतल्या थरात असतात. ती कडी पूर्ण तुटली की मुळं उपाशी मरतात. वरची पानं काही आठवडे हिरवी राहतात, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्याने साफ करणं, एवढाच उपाय.

दुभाजकावर कण्हेर लावायचं कारण मात्र पक्कं आहे. ती विषारी असल्याने मोकाट गुरं तोंड लावत नाहीत, आणि पानाच्या खालच्या बाजूची श्वासरंध्रं केसाळ खळग्यांत लपलेली असल्याने पाणी कमी उडतं. समोरच्या दिव्यांचा झोतही ती अडवते. पण दुभाजक जिथे संपतो किंवा वळायला जागा आहे, तिथे तीच कण्हेर जीवघेणी ठरते. रस्ते आखताना चालकाचे डोळे जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर धरतात, आणि ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी थांबवायला ६० मीटर अंतर मोकळं दिसावं लागतं. म्हणजे अशा टोकांना कुंपण गुडघ्याच्या वर जाऊच देऊ नये. बागेभोवतीच्या मेंदी-कोयनेलची गोष्ट आणखी वेगळी. शेंडा छाटला की बाजूचे डोळे फुटतात आणि कुंपण दाट होतं, हे प्रत्येक माळ्याला ठाऊक असतं. तरी बहुतेक कुंपणं वरून रुंद आणि खालून बोडकी होतात, कारण वरची पानं खालच्यांचं ऊन खातात. बुडाशी रुंद आणि वर अरुंद अशी छाटणी ठेवली तर खालपर्यंत हिरवं राहतं.

मग सगळीकडे गवत राखावं का? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तसं म्हणता येणार नाही. केळीला येणारा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर राहू शकतो. आपल्या बांधावरचा केना त्यातलाच. पंखवाला मावा रोगट झाडाला सोंड टोचतो, मिनिटभरात विषाणू उचलतो आणि शेजारच्या रोपाला नुसती चव घेतानाच देऊन जातो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत नुकसान झालेलं असतं. बागेभोवती शेवरीची भिंत केली तरी रस्त्याकडेचा केना तसाच असेल तर धोका राहतो. आणि केना कापला की त्यावरचा मावा दुसरं हिरवं काही शोधायला उडतो, म्हणून केव्हा कापायचं याला इथे सर्वांत जास्त किंमत आहे. मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीलागवडीसाठी, पावसाच्या पहिल्या उगवणीबरोबरच, आणि कांदेबागेसाठी, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपासच्या लागवडीसाठी, टिश्यूकल्चरची रोपं शेतात उतरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ही साइडपट्टी साफ व्हायला हवी. रोपं लावून झाल्यावर, दिवाळीच्या निमित्ताने, तिथे ब्रश कटर फिरला तर मावा सरळ बागेत जाईल.