भात्याचा आवाज

शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टर म्हणाले, ‘मर्मर ऐकू येतेय, एकदा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या,’ की आईबापांच्या पोटात गोळा येतो. मर्मर म्हणजे खरं तर पानांची सळसळ. हृदयात ती रक्ताच्या खळखळीची असते, आणि अनेक मुलांत झडपा ठणठणीत असूनही ऐकू येते. कोणती मर्मर निरुपद्रवी आणि कोणती झडपेच्या दुखण्याची, यावर डॉक्टरांचा वाद शतकभर चालला होता.

१८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक एका तरुणीला तपासत होते. तिच्या छातीला कान लावायला संकोच वाटला म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिला कान लावला. तोच पहिला स्टेथोस्कोप. हृदयातल्या फुसफुशीला त्यांनी भात्याची उपमा दिली. कान तिखट, पण अर्थ लावताना मात्र ते चुकले: ‘लब-डब’मधला दुसरा ठोका हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं त्यांना वाटलं. ठोके झडपा मिटताना उमटतात, हे फ्रेंच डॉक्टर रुआने यांनी १८३२ मध्ये मांडलं.

पुढे मर्मर ऐकू आली की माणूस रोगीच ठरू लागला. याविरुद्ध ब्रिटिश हृदयतज्ज्ञ जेम्स मॅकेन्झी उभे राहिले. आवाज कसला ऐकता, हृदयाच्या स्नायूत ताकद किती आहे ते बघा, असं त्यांचं म्हणणं. अनेक निरोगी माणसांची भीती त्यामुळे गेली. पण खरोखर आकसलेल्या झडपेकडेही दुर्लक्ष होऊ लागलं, आणि ते महागात पडलं. १९२५ मध्ये लंडनचे सर्जन हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, चाचपली. मुलगी वाचली, तरी फिजिशियनांनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवलाच नाही. दोष स्नायूत असेल तर झडपेला हात कशाला लावायचा? जून १९४८ मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्कन या सर्जनांना अशाच शस्त्रक्रियेत यश आलं, तोवर तेवीस वर्षं गेली होती. मला या कथेतली ही सगळ्यात बोचरी जागा वाटते.

नुसत्या कानावरची भिस्त १९५३ नंतर कमी होत गेली. स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले तडे शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र उसनं आणून हृदयावर लावलं. आजच्या इकोचा तो आरंभ.

आपल्याकडे झडपा बिघडण्याचं मोठं कारण लहानपणीचा संधिवाताचा ताप. घसा दुखतो, मग सांधे सुजतात, सगळं बरं झालंसं वाटतं. झडप मात्र हळूहळू जाड होत जाते आणि ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागते. परदेशी कृत्रिम झडप अशा बहुतेक घरांना परवडणारी नव्हती. म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने देशी झडप घडवायला घेतली. तीन नमुने फसले. चौथा डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवला गेला.