रूनस्केपचा बाजार : ब्राउझरमधल्या एका फुकट खेळाची पंचवीस वर्षं

केंब्रिजच्या जॅगेक्स या कंपनीचे मालक फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा बदलायला निघाले. कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने ती सीव्हीसी आणि हॅवेली या दोन गुंतवणूकदारांना विकली आणि सौदा सुमारे ९० कोटी पौंडांचा असल्याच्या बातम्या आल्या. आठ वर्षांतली ही चौथी विक्री. एवढ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या या कंपनीकडे चालणारा माल पाहिला तर मुख्यतः एकच : रूनस्केप. २००१ मध्ये सुरू झालेला, तेव्हा ब्राउझरमध्ये उघडणारा आणि फुकट खेळता येणारा खेळ. कंपनीने मधल्या काळात दुसरे खेळ काढून पाहिले, पण त्यातला एकही त्याच्या जवळपास पोचला नाही.

अँड्र्यू गावर हा नॉटिंगहॅमचा मुलगा केंब्रिजला संगणकशास्त्र शिकत होता, तेव्हा विद्यापीठांमध्ये ‘मड’ नावाचे खेळ लोकप्रिय होते. अनेकांनी एकाच वेळी जोडून घ्यायचं आणि सगळं मजकुरातून खेळायचं, असा तो प्रकार. ‘तुम्ही अंधाऱ्या खोलीत आहात, उत्तरेला दार आहे’ असं पडद्यावर उमटलं की पुढची आज्ञा टाइप करायची. गावरला हेच जग चित्रांतून दाखवायचं होतं. त्याचा पहिला प्रयत्न ‘डेव्हियसमड’ १९९९ मध्ये जेमतेम आठवडाभर चाचणीपुरता लोकांसमोर आला. ते सगळं पुसून त्याने भाऊ पॉलच्या मदतीने नव्याने लिहायला घेतलं आणि ४ जानेवारी २००१ रोजी रूनस्केप सुरू झालं. पत्ता होता नॉटिंगहॅममधलं आईवडिलांचं घर.

खेळ जावा या तेव्हा ब्राउझरमध्येच चालणाऱ्या संगणकभाषेत लिहिलेला होता आणि पुढचं बरंच काही या एका निवडीवर उभं राहिलं. त्या वेळी अशा प्रकारचे मोठे खेळ दुकानातून सीडीवर घ्यावे लागत, शिवाय महिन्याची वर्गणी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागे. रूनस्केपला यातलं काहीच नको होतं. पान उघडायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा, खेळायला लागायचं. शाळेच्या लॅबमध्ये, ग्रंथालयात, सायबर कॅफेत, जिथे काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथेही तो चाले. त्याचा मोठा प्रेक्षक बारा ते अठरा वयाचा राहिला, तो यामुळेच.

दुसरी युक्ती डोळ्यांना दिसत नाही. रूनस्केपचं जग सलग चालत नाही, ते ठेक्यावर चालतं. आज हा ठेका ०.६ सेकंदाचा आहे. तुम्ही झाडावर क्लिक केलं की सर्व्हर पुढच्या ठेक्याला ते नोंदवतो आणि लाकूड तोडणं सुरू होतं. डायल-अपची जोडणी अर्धा सेकंद अडखळली तरी खेळणाऱ्याला फारसं कळत नाही. गोळीबाराच्या खेळात अर्धा सेकंद म्हणजे मरण, इथे चालून जातं. खेळाचा जो संथपणा पुढे चेष्टेचा विषय झाला, तो स्वस्त इंटरनेटशी जुळवून घेण्यातून आला होता. त्याच संथपणामुळे माणसं लाकूड तोडता तोडता गप्पा मारत बसली.

सुरुवातीला खर्च जाहिरातींवर भागवायचा बेत होता. पण २००१ हे साल डॉट-कॉमचा फुगा फुटल्यानंतरचं. जाहिरातीचे दर कोसळले, खेळाडू मात्र वाढत राहिले आणि प्रत्येक नवा खेळाडू सर्व्हरचा खर्च वाढवणारा. त्या वर्षाच्या अखेरीस गावर बंधू आणि त्यांचा भागीदार कॉन्स्टंट टेडर यांनी जॅगेक्स कंपनी म्हणून कामाला लावली आणि २७ फेब्रुवारी २००२ पासून सभासदत्व सुरू झालं. अमेरिकेत महिना पाच डॉलर, म्हणजे स्पर्धक खेळांपेक्षा बरंच कमी. जुना नकाशा सगळ्यांना फुकट राहिला. त्याच्या कुंपणापलीकडची शहरं, जादा कौशल्यं, अवघड कोडी फक्त पैसे भरणाऱ्यांना. फुकट खेळणाऱ्याला ते कुंपणाचं दार रोज दिसायचं. यापेक्षा चांगली जाहिरात जॅगेक्सला परवडली नसती.

मार्च २००४ मध्ये इंजिन बदलून ‘रूनस्केप २’ आलं. २००८ मध्ये फुकट खेळता येणारा जगातला सर्वांत लोकप्रिय बहुखेळाडू खेळ म्हणून गिनेसने त्याची नोंद केली. वाढीचा हा भाग आकड्यांचा आहे आणि तो इतर यशस्वी कंपन्यांसारखाच आहे. खरा इतिहास आतल्या बाजारात घडत होता.

२००१ च्या ख्रिसमसला कंपनीने खेळात क्रॅकर वाटले. इंग्रजांच्या घरी ख्रिसमसच्या जेवणाला दोघं दोन टोकं धरून हे क्रॅकर ओढतात, ते फट्‌दिशी फाटतं आणि आतून कागदी टोपी निघते. खेळातही तशीच रंगीत टोपी निघाली. तिने ना ताकद वाढे, ना संरक्षण मिळे. ती नंतर कितीतरी वर्षं पुन्हा वाटली गेली नाही, आणि अनेकांनी आपली टोपी विसरून खातं सोडून दिलं. उरलेल्या टोप्यांचे भाव चढत गेले, इतके की काही वर्षांत ती खेळातल्या सर्वांत महाग वस्तूंपैकी एक झाली. कुणीही हे ठरवून केलेलं नव्हतं. हजारो मुलं एकत्र येऊन वस्तूंची अदलाबदल करतात तेव्हा टंचाई, साठेबाजी, फसवणूक, दलाली हे सगळं आपोआप उगवतं.

खेळातल्या वस्तूला खरी किंमत असते का, हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये दोन मुलांनी तेरा वर्षांच्या एका मुलाला मारहाण करून, चाकूचा धाक दाखवून खात्यात शिरायला लावलं आणि त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यावर वळवून घेतला. आरोपीचा बचाव असा की जी वस्तू हातात धरता येत नाही ती चोरणार कशी? जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्या वस्तू मिळवायला मुलाने वेळ आणि कष्ट घातले होते, त्या त्याच्याच ताब्यात होत्या, म्हणून त्यांना मोल आहे आणि ही चोरीच आहे, असं न्यायालयाने धरलं. रूनस्केपवर बरंच लिहिलं गेलंय, पण खेळाचं अर्थकारण या निकालाइतकं नेमकं कुणी पकडलेलं नाही.

वेळेला मोल असेल तर वेळ विकणारेही येणारच. खेळातलं सोनं, म्हणजे तिथलं चलन, जमवून ते खऱ्या पैशांत विकणारी मंडळी २००५-०६ पासून फार वाढली. पद्धत सोपी : गिऱ्हाइकाने बाहेर डॉलर मोजायचे आणि विकणाऱ्याने खेळात भेटून सोनं ‘भेट’ म्हणून द्यायचं. नुसतं एवढंच असतं तर कंपनीने कदाचित काणाडोळा केला असता. पण जॅगेक्सने तेव्हा दिलेलं कारण असं, की हे लोक सभासदत्व चोरीच्या क्रेडिट कार्डांवर घेत होते. कार्डाच्या मालकाने तक्रार केली की बँक पैसे परत घेते आणि वर कंपनीला दंड लावते. तक्रारी फार झाल्या तर कार्ड कंपन्या व्यवहारच बंद करू शकतात. महिन्याच्या छोट्या वर्गणीवर जगणाऱ्या कंपनीसाठी हे मुळावरच होतं.

डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ या काळात कंपनीने एकतर्फी देवाणघेवाणच अशक्य करून टाकली. दोन खेळाडूंच्या सौद्यात दोन्ही बाजूंच्या किमतीत जास्तीत जास्त ३,००० नाण्यांचा फरक चालेल, असा सुरुवातीचा नियम. वाइल्डरनेस नावाच्या रानात खेळाडू एकमेकांना मारत आणि मेलेल्याचा माल जिंकणाऱ्याला मिळे. ही वाटही सोनं पोचवायला वापरता आली असती, म्हणून तिथली लढाई बंद. नुकताच उघडलेला मध्यवर्ती बाजार, ग्रँड एक्स्चेंज, ठरलेल्या दराच्या पाच टक्के खाली-वर एवढ्याच पट्ट्यात सौदे करू देई.

सोनं विकणाऱ्यांचा धंदा खरोखर मोडला. त्याबरोबर थोरल्या भावाने धाकट्याला आपली जुनी तलवार देणंही मोडलं. खेळातल्या चौकाचौकांत निषेधाच्या गर्दी जमल्या, अनेकांनी वर्गणी बंद केली. माझ्या मते निर्णय आर्थिकदृष्ट्या समजण्यासारखा होता, तरीही त्याने खेळाचा गाभा कापला. ज्या अदलाबदलीमुळे गाव वसलं, तीच गेली. २०१० च्या अखेरीस अँड्र्यू गावर संचालक मंडळातून बाहेर पडला. त्यानंतर काही आठवड्यांत कंपनीने मतदान घेतलं, दहापैकी नऊहून अधिक लोकांनी जुनी पद्धत मागितली आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी मुक्त व्यापार आणि वाइल्डरनेस दोन्ही परत आले. सोनं विकणारे आणि त्यांचे बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, अर्थातच मागोमाग आले.

पुढच्या दोन वर्षांत जॅगेक्सने सगळं एकदम करायला घेतलं. २०१२ मध्ये बक्षिसांचं फिरतं चाक आलं. आधी रोज एक-दोन फेऱ्या फुकट, मग जादा फेऱ्या पैशांनी विकत. त्याच नोव्हेंबरात लढाईची सगळी पद्धत बदलली, जी क्लिक करून शांत बसता येणारी होती ती बटणांची धावपळ झाली. दोन्हींमागचा विचार उघड आहे : खेळ जुना दिसतोय, बाजारातले इतर खेळ चकचकीत आहेत, त्यांच्यासारखं व्हायला हवं. पण ज्यांना चकचकीत हवं होतं ते आधीच दुसरीकडे गेलेले होते. राहिलेले लोक संथपणासाठीच राहिलेले होते, आणि आता तेही निघाले.

तेव्हा कंपनीच्या हाती ऑगस्ट २००७ मधली एक बॅकअप प्रत होती. व्यापारबंदीच्या आधीची, जुन्या लढाईची. ती पुन्हा चालू करावी का, यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये मतदान घेतलं, जवळपास साडेचार लाख मतं पडली आणि २२ फेब्रुवारीला ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झालं. कामाला अगदी मोजकी माणसं. फार तर जुन्या गिऱ्हाइकांची समजूत काढणारी तात्पुरती सोय, असंच बहुतेकांनी ते धरलं असावं. काही वर्षांत याच जुन्या प्रतीने मूळ खेळाला मागे टाकलं.

या वेळी एक नियम वेगळा होता. काहीही नवं घालायचं तर आधी मतदान, आणि ७५ टक्के होकार मिळाला तरच बदल (२०२२ मध्ये ही अट ७० टक्क्यांवर आणली). हा नियम कागदावरचा राहिला नाही. २०१९ मध्ये ‘वॉर्डिंग’ नावाचं नवं कौशल्य बहुमत असूनही या अटीत बसलं नाही म्हणून सोडून द्यावं लागलं. नौकानयनाचं कौशल्य वर्षानुवर्षं विनोदाचा विषय होतं, ते २०२३ मध्ये मतदानातून निवडलं गेलं आणि २०२५ मध्ये खेळात आलं. हे मतदान फुकट खेळणाऱ्यांचं नाही, वर्गणी भरणाऱ्यांचं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

सोन्याच्या काळ्या बाजाराचं काय झालं? कंपनीने त्यावर काढलेला तोडगा पाहिला की २००७ ची बंदी आणखीच निरर्थक वाटते. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘बाँड’ आले. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने कंपनीकडून बाँड विकत घ्यायचा आणि खेळातल्या बाजारात सोन्याच्या बदल्यात विकायचा. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने सोनं जमवून तो घ्यायचा आणि त्यावर सभासदत्व मिळवायचं. म्हणजे आधी जो सौदा चोरीचा होता तोच आता कंपनीच्या गल्ल्यावर होऊ लागला. २०१५ मध्ये ओल्ड स्कूलमध्येही बाँड आले. काही न मोजता सभासद झालेल्याची वर्गणी दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते, आणि बदल्यात त्याचे तास घेतलेले असतात.

काळा बाजार मात्र संपला नाही. व्हेनेझुएलाचं चलन कोसळल्यावर, साधारण २०१७ पासून, तिथले कित्येक लोक ओल्ड स्कूलमध्ये हिरवे ड्रॅगन मारून सोनं विकू लागले, कारण त्यातून मिळणारे थोडे डॉलर पगारापेक्षा बरे पडत. पंधरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा खेळ ही त्यांची गरज होती. इतर खेळाडूंनी त्यांना शिव्याही घातल्या आणि सहानुभूतीही दाखवली.

मधल्या मधे ब्राउझर कधी गेला ते फारसं कुणाला जाणवलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जावाचं प्लगइन चालवणं थांबवलं आणि रूनस्केपला डाउनलोड करायच्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे वळावं लागलं. जॅगेक्सचंच छोट्या ब्राउझर खेळांचं दालन ‘फनऑर्ब’ २००८ मध्ये थाटात उघडलं होतं, ते ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. त्याच आठवड्यात २००१ मधलं मूळ रूनस्केप, म्हणजे ‘क्लासिक’, हेही बंद केलं, कारण ते सांभाळणारी साधनं आता जुळत नव्हती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ओल्ड स्कूल मोबाइलवर आलं. ०.६ सेकंदाचा ठेका आणि एका बोटाचं क्लिक फोनला तंतोतंत बसलं. डायल-अपसाठी घेतलेला निर्णय सतरा वर्षांनी लोकल गाड्यांतल्या आणि बसमधल्या अडखळत्या नेटवर्कला उपयोगी पडला.

मालकीचा भाग थोडक्यात. २०१६ मध्ये एका चिनी खाणकंपनीने जॅगेक्स सुमारे ३० कोटी डॉलरला घेतली, २०२० मध्ये ती मॅकार्थर फॉर्च्यून या अमेरिकी फंडाकडे ५३ कोटी डॉलरला गेली आणि २०२१ च्या सुरुवातीला कार्लाइलकडे. या विक्रींत एकंदरीत किंमत बरीच वाढली. विकली जात होती ती मुख्यतः दर महिन्याला न चुकता वर्गणी भरणाऱ्या लोकांची सवय.

अँड्र्यू गावरने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ब्राइटर शोअर्स’ हा नवा खेळ बाजारात आणला. तो ब्राउझरमध्ये चालत नाही, डाउनलोड करावा लागतो. सुरुवातीचे दोन भाग फुकट ठेवले होते, पुढचे भाग वर्गणी भरणाऱ्यांना.