स्थितिक विद्युत संच: वापरण्याआधी हे वाचा

मुलांनो, खोका उघडलात की पीव्हीसी नळीचा तुकडा, काचेची कांडी, लोकरीचं आणि रेशमाचं कापड, कागदाचे कपटे आणि झाकणातून तांब्याची तार आत सोडलेली बरणी दिसेल. सेल शोधू नका, या संचाला तो लागतच नाही.

नळी लोकरीवर जोरात घासा आणि कपट्यांजवळ न्या. कपटे उड्या मारून चिकटतात. पण लगेच नळी बाजूला ठेवू नका, क्षणभर थांबून बघा. काही कपटे आपोआप सुटून दूर उडतात. स्वयंपाकघरातल्या फॉइलचे बारीक तुकडे घेतलेत तर ते चिकटतात न चिकटतात तोच उडतात.

असं का होतं? प्रत्येक पदार्थात धन आणि ऋण असे दोन प्रकारचे विद्युत प्रभार सारख्याच प्रमाणात असतात, म्हणून एरवी काही जाणवत नाही. घासताना लोकरीतले थोडे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे अतिसूक्ष्म कण, नळीवर येतात. नळी ऋणप्रभारित होते आणि लोकर तेवढीच धनप्रभारित. नवा प्रभार तयार होत नाही, असलेलाच इकडून तिकडे जातो. फॉइलचा तुकडा नळीला टेकला की त्यालाही ऋण प्रभार मिळतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून तो उडतो. काच रेशमावर घासली की उलट घडतं: इलेक्ट्रॉन काचेवरून रेशमावर जातात आणि काच धनप्रभारित होते.

आता बरणी. हा आमचा सगळ्यात आवडता भाग आहे, त्याला विद्युतदर्शी म्हणतात. तारेच्या खालच्या टोकाला फॉइलची दोन पानं लटकलेली आहेत. घासलेली नळी वरच्या टोकाजवळ आणा, टेकवू मात्र नका. पानं फाकतात. नळी लांब नेली की मिटतात. नळी जवळ असताना तारेतले इलेक्ट्रॉन खाली पानांकडे ढकलले जातात, ती गेली की परत येतात. आता नळी तारेवर नीट घासून उचला. पानं फाकलेलीच राहतील, कारण या वेळी प्रभार खरोखर तारेवर आला आहे. बोट लावा, म्हणजे तो तुमच्या शरीरातून निघून जाईल आणि पानं मिटतील. मग घासलेली काचेची कांडी आणून काय होतं ते स्वतः शोधा. उत्तर आम्ही मुद्दामच छापलेलं नाही.

पावसाळ्यात संच चालत नाही, तेव्हा

जून ते सप्टेंबर आम्हाला सर्वाधिक फोन याच तक्रारीचे येतात, त्यातही कोकण आणि मुंबईतून. संच बिघडलेला नसतो. दमट हवेत नळीवर आणि झाकणावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. कापडावर कोमट इस्त्री फिरवा, नळी आणि झाकण कोरड्या फडक्याने पुसा, घरात हेअर ड्रायर असेल तर मोठ्यांना थोडा वेळ त्याची गरम हवा द्यायला सांगा. घासलेल्या भागाला हात लावू नका, घामाचाही परिणाम होतो. एवढं करूनही जमलं नाही तर थंडीची वाट बघा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत हाच संच इतका छान चालतो की अंधारात बारीक ठिणगीसुद्धा दिसू शकते.

आईबाबांसाठी

कोरड्या हवेत एक मिलिमीटरची ठिणगी उडायलाही तीन-चार हजार व्होल्ट लागतात. हा आकडा वाचून घाबरू नका. नळीवरचा प्रभार अगदी थोडा असतो आणि क्षणात संपतो, त्यामुळे फार तर टोचल्यासारखं होतं. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टच असतात, पण तिथला प्रवाह शरीरातून वाहतच राहतो आणि त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून संचातली कोणतीही वस्तू, विशेषतः तांब्याची तार, सॉकेटजवळ जाऊ देऊ नका. हे मुलांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा. आकाशातली वीज हाही प्रभाराचाच खेळ, पण प्रचंड मोठा. वळवाचे ढग गडगडू लागले की मुलांना घरात घ्या, झाडाखाली थांबू देऊ नका.

काचेची कांडी फुटू शकते. आठ वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं कुणीतरी बसलेलं असावं.

बरणीतली पानं फाटली तर नवी मागवायची गरज नाही. फॉइलच्या चार सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा, सुरकुत्या बोटाने सपाट करा आणि तारेच्या आकड्यात शेजारी शेजारी, मोकळ्या हलतील अशा अडकवा.