पिंका मोजण्याचं शास्त्र

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीच्या हातावर बॉलपेनने काढलेलं एक वर्तुळ होतं. मुलगी नऊ वर्षांची. आजोबांना फुप्फुसाचा टीबी निघाला म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यात हिची मांटू टेस्ट, म्हणजे टीबीच्या संसर्गासाठी हाताच्या कातडीत टोचून करतात ती चाचणी, केली. आंघोळीला साबण लावून घासू नकोस, खूण पुसेल, अशी आईची तंबी. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात टोचल्या जागची सूज मोजपट्टीने मोजून '12 मिमी' लिहून मिळालं आणि संध्याकाळी आई तो कागद घेऊन आमच्या दारात. "बारा म्हणजे टीबी झालाच ना हो हिला?"

तसं नाही, हे सांगायला मला अर्धा तास लागला. पूर्ण उत्तर तेव्हाही देता आलं नाही, म्हणून हा लेख.

त्या सुजेत टीबीचा एकही जंतू नसतो. टोचलेली असतात ती जंतूंपासून काढलेली प्रथिनं, आणि गाठ उठवतात मुलीच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी. जंतूचा शोध लावणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी 1890 मध्ये हेच द्रव्य टीबीवरचं औषध म्हणून जाहीर केलं होतं. देशोदेशीचे रुग्ण बर्लिनला धावले, औषध लागू पडलं नाही. (मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून ते खरं, ही समजूत फक्त आपल्याकडची नाही.) मात्र जंतूशी आधी गाठ पडलेल्या माणसाची या द्रव्यावरची प्रतिक्रिया जोराची असते, हे त्या फजितीतून कळलं. ऑस्ट्रियाच्या पिर्के यांनी 1907 मध्ये कातडीवर ओरखडा काढून आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या चार्ल्स मांटू यांनी कातडीत सुई घालून त्या फसलेल्या औषधाची चाचणी बनवली.

ही प्रतिक्रिया यायला 48 ते 72 तास लागतात. ती रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची असती तर काही मिनिटांत, फार तर काही तासांत दिसली असती. 1942 मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनिपिगांवर याचा छडा लावला. प्रतिक्रिया देणाऱ्या प्राण्याचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव, दुसऱ्याला टोचला तर काही होत नाही, पेशी टोचल्या तर तोही प्रतिक्रिया देऊ लागतो. या पेशी म्हणजे आज आपण ज्यांना टी पेशी म्हणतो त्या. त्या जागेवर पोचायच्या, इतरांना सांगावा धाडायच्या, मग गर्दी जमायची, या सगळ्याला दोन दिवस जातात.

प्रत्येक टी पेशीला प्रथिनाचा एकाच प्रकारचा तुकडा ओळखता येतो. एक मिलिलिटर रक्तात दहा-वीस लाख टी पेशी असतात, आणि टीबीच्या एखाद्या प्रथिनाला ओळखणाऱ्या त्यांत हजारांत एखादी, कधी लाखात एखादी. दिसायला सगळ्या सारख्याच, सूक्ष्मदर्शकाखाली वर्षभर बघत बसलात तरी वेगळ्या काढता येणार नाहीत. मग मोजायच्या कशा?

इथे मला सरकारी कचेऱ्यांचे जिने आठवतात. समजा, एका जिन्यावर रात्री पन्नास माणसं झोपून गेली आणि त्यांतले पान खाणारे किती हे सकाळी शोधायचंय. एक मार्ग, कोपऱ्यातली पिकदाणी उचलून किती भरली ते बघणं. पण दोघांनी दहा-दहा पानं खाल्ली की वीस जणांनी एकेक, हे तिथे कळत नाही. दुसरा मार्ग, माणसं उठून गेल्यावर भिंतीवरच्या पिंका मोजणं. प्रत्येकाने बसल्या जागी, शेजारी टाकलेली. जितके डाग तितके पानवाले!

दुसऱ्या मार्गाचं प्रयोगशाळेतलं नाव एलिस्पॉट. ही पद्धत 1983 मध्ये दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. तेव्हा ती प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी मोजण्यासाठी होती, टी पेशींसाठी ती काही वर्षांनी वळवली गेली. 96 खळग्यांची प्लास्टिकची पट्टी घ्यायची. खळग्याच्या तळाशी पातळ पडदा असतो, त्यावर गॅमा इंटरफेरॉन नावाचा रेणू पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवून ठेवायची. गॅमा इंटरफेरॉन म्हणजे आपली पिंक, टी पेशीला ओळखीचा तुकडा भेटला की ती सोडते तो रेणू. मग प्रत्येक खळग्यात रक्तातून वेगळ्या केलेल्या अडीच लाख पेशी सोडायच्या, टीबीच्या प्रथिनाचे तुकडे घालायचे आणि पट्टी 37 अंशाला रात्रभर ठेवून द्यायची.

ठेवून द्यायची म्हणजे खरोखर ठेवून द्यायची. हलवायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही. पेशी तळाशी बसतात, ओळख पटलेली पेशी इंटरफेरॉन सोडते, आणि ते द्रवात पसरण्याआधी, शेजारच्या पेशींनी गिळण्याआधी खालची प्रतिपिंडं जागच्या जागी धरतात. मध्यरात्री कुणी दार आपटलं किंवा पट्टी सरकवली तर पेशी घरंगळते आणि गोल ठिपक्याऐवजी धूमकेतूसारखी शेपटी उमटते.

सकाळी पेशी धुऊन टाकायच्या. ज्यांची मोजदाद करायची त्याच नळाखाली गेल्या! उरला तो पडद्यावर अडकलेला अदृश्य इंटरफेरॉन. त्यावर दुसरं प्रतिपिंड घालायचं, त्याच रेणूच्या वेगळ्या जागी बसणारं, आणि त्याच्या पाठीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेलं. शेवटी एक रंगहीन रसायन. विकर त्याचा रंगीत पदार्थ करतो, आणि पद्धतीची सगळी करामत इथेच आहे. नेहमीच्या एलिसा चाचणीत तयार होणारा रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे पूर्ण खळगा एकसारखा रंगतो. ती पिकदाणी. इथे मुद्दाम न विरघळणारा रंग निवडतात, तो जिथे तयार होतो तिथेच साका होऊन बसतो. पांढऱ्या पडद्यावर जांभळे ठिपके उठतात, मध्ये गडद, कडेला फिकट होत गेलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. एक ठिपका, एक पेशी. ठिपका मोठा, तर पेशीने भरपूर सोडलं.

शेजारी दोन खळगे पडताळणीचे. एकात प्रथिन घालतच नाहीत, तिथे ठिपके दिसले तर उगाच पिंका टाकणारे किती ते कळतं. दुसऱ्यात फायटोहीमॅग्लुटिनिन घालतात. हे राजम्यात असतं, अर्धकच्च्या राजम्याने पोट बिघडतं ते याच्यामुळेच. ते टी पेशींना तुकडा न दाखवताच चेतवतं. तिथेही ठिपके उठले नाहीत तर पेशी मेल्या आहेत किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, आणि त्या दिवशीच्या निकालाला अर्थ नाही.

आता प्रथिन कोणतं घालायचं? मांटूची मोठी अडचण हीच. तिच्यातलं मिश्रण इतकं सरमिसळ असतं की बीसीजी टोचलेल्या मुलालाही सूज येऊ शकते. बीसीजीची लस काल्मेत आणि गेरँ यांनी गुरांच्या टीबीच्या जंतूपासून बनवली. 1908 पासून 13 वर्षं, 231 वेळा नव्या खाद्यावर वाढवत. या वाटचालीत जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला, त्याचं नाव आरडी-1. इसॅट-6 आणि सीएफपी-10 ही दोन प्रथिनं त्याच तुकड्यात होती. म्हणजे ही दोन ओळखणारी टी पेशी सापडली तर तिची गाठ लसीशी पडलेली नसून खऱ्या जंतूशी (किंवा त्याच्या मोजक्या जंगली भाईबंदांशी) पडली आहे. या प्रथिनांच्या तुकड्यांवर अजित लालवाणी आणि सहकाऱ्यांनी एलिस्पॉट चाचणी उभी केली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेस्टरमधल्या एका शाळेच्या टीबी साथीत 535 विद्यार्थी तपासले, आणि रुग्णाचा सहवास कुणाला किती झाला याच्याशी ठिपक्यांचा मेळ कातडीच्या सुजेपेक्षा चांगला बसला. बाजारात आज टी-स्पॉट नावाने मिळते ती ही चाचणी. क्वांटिफेरॉन ही तिची बहीण, पण ती पिकदाणीवाली.

एलिस्पॉट पेशीला विचारतो, तू काय करतेस? तू कोण, हे विचारायचं असेल तर टेट्रामर लागतो, आणि इथे थोडं किचकट होणार आहे. टी पेशी सुटा तुकडा ओळखत नाही, दुसऱ्या पेशीच्या एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत धरलेला तुकडाच ओळखते. म्हणून तुकड्यासकट एमएचसी रेणू बनवून त्याला चमकणारा रंग लावायचा. पण असा एकटा रेणू टी पेशीला चिकटून काही सेकंदांत सुटतो. 1996 मध्ये आल्टमन, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी असे चार रेणू एका गाभ्यावर बांधले, तोच टेट्रामर. एक हात सुटला तरी बाकीचे धरून असतात, तोवर पहिला परत पकडतो. दोनच वर्षांनी मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि मुरली-कृष्णा यांच्या गटाने विषाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांत ही मोजणी केली. संसर्गात संख्येने फुगणाऱ्या सीडी8 टी पेशींत (विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशींत) बहुतेक नुसते बघे असतात, असा तोवरचा समज. निघालं उलटंच, 50 ते 70 टक्के पेशी नेमक्या त्याच विषाणूच्या मागावर होत्या.

हे सगळं वाचल्यावर 'इम्युनिटी बूस्टर'ची जाहिरात बघा. कुठल्या पेशी, कुठल्या प्रथिनाविरुद्ध, लाखात किती वाढल्या? काढा घ्यायला माझी ना नाही, आलं-गवती चहा मलाही आवडतो, पण बाटलीवर छापायचं तर आकडा दाखवा. कोविडनंतर लोक अँटिबॉडीचे आकडे एकमेकांना परीक्षेतल्या गुणांसारखे सांगत होते, त्यात टी पेशींचा हिशेबच नव्हता. 2003 च्या सार्समधून, म्हणजे कोविडच्याच जातकुळीच्या आजारातून, बऱ्या झालेल्या 23 जणांचं रक्त सिंगापूरच्या संशोधकांनी 17 वर्षांनी एलिस्पॉटमध्ये घातलं, तेव्हा ठिपके उठले. आणि टीबीसाठी रक्तातली अँटिबॉडी बघणारे संच आपल्याकडे सर्रास वापरले जायचे, निकाल इतके बेभरवशाचे की 2012 मध्ये सरकारने त्यांवर बंदी घातली.

ठिपक्यांनाही मर्यादा आहेच. ते गाठ पडल्याचं सांगतात, आजार असल्याचं नाही. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकसंख्येला टीबीचा संसर्ग झालेला आहे असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. शेजारच्या मुलीचा एक्स-रे स्वच्छ आला. खोकला नाही, ताप नाही, वजनही कमी झालेलं नाही. घरातच रुग्ण असल्यामुळे डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या मात्र सुरू केल्या.

एलिस्पॉटला ताजं रक्त, स्वच्छ प्रयोगशाळा आणि कुशल हात लागतात, ते तालुक्याच्या दवाखान्यात कुठून आणायचे? म्हणून इसॅट-6 आणि सीएफपी-10 पुन्हा सुईत भरली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही तशी चाचणी आहे. कातडीत टोचायची, तिसऱ्या दिवशी बॉलपेन कडेकडून गाठीकडे सरकवत न्यायचं, जिथे अडेल तिथे खूण करायची आणि पट्टी लावायची. लाली मोजायची नाही, घट्ट गाठच मोजायची. बीसीजी घेतलेली असो वा नसो, पॉझिटिव्हची रेघ 5 मिमीला.