स्वॉर्म (मार्व्हल कॉमिक्समधील खलनायक)

स्वॉर्म हा मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाच्या चित्रकथांमधला एक महाखलनायक. मूळ नाव फ्रिट्झ फॉन मायर. 'हाडामांसाचा माणूस' हा शब्दप्रयोग त्याच्या बाबतीत निम्माच लागू पडतो. हाडे आहेत, मांस नाही. मांसाच्या जागी जिवंत मधमाश्या आहेत. मायरच्या सांगाड्याभोवती हजारो माश्या माणसाच्या आकारात घोंगावत असतात, चालतात, हात उगारतात आणि मायरच्या आवाजात बोलतातही. वर बहुधा जांभळा झगा असतो. कॉमिक्सवेडे लोक त्याची ओळख तीन शब्दांत करून देतात, 'मधमाश्यांचा बनलेला नाझी', आणि ती देताना हसतात. हसू येण्यासारखी कल्पना आहे खरी, पण ती कुठून आली हे पाहिले की १९७० च्या दशकातली अमेरिका कशाकशाला घाबरत होती याचा अंदाज येतो.

मायर मूळचा जर्मनीतल्या लाइपझिगचा. विषे आणि मधमाश्या हे त्याच्या अभ्यासाचे विषय, आणि हिटलरच्या खास शास्त्रज्ञांत त्याची गणना. युद्ध हरल्यावर तो पकडला न जाता दक्षिण अमेरिकेत निसटला आणि तिथे मधमाश्या पाळू लागला. पुढे त्याला एक विलक्षण वसाहत सापडली. तिथल्या माश्या किरणोत्सर्गाने बदललेल्या होत्या, हुशार होत्या आणि नवल म्हणजे शांत होत्या. मायरने त्यांच्या राणीला गुलाम करायचा घाट घातला. तो फसला. माश्यांनी त्याला खाऊन फक्त सांगाडा शिल्लक ठेवला, पण खाता खाता त्याची जाणीवही त्यांच्यात उतरली. वसाहतीचा मालक व्हायला निघालेला माणूस स्वतःच वसाहत होऊन बसला. कथेतला सर्वांत चांगला भाग हाच, आणि तो खलनायक अवतरण्यापूर्वीच संपतो.

स्वॉर्म पहिल्यांदा दिसला तो 'द चॅम्पियन्स' या मालिकेच्या १४ व्या अंकात. अंकावरची तारीख जुलै १९७७ ची. लेखक बिल मँट्लो, चित्रकार जॉन बर्न. ही मालिका लॉस एंजेलिसमधल्या महानायकांच्या एका विचित्र मेळाची होती. एंजल, आइसमन, ब्लॅक विडो, हर्क्युलिस आणि घोस्ट रायडर हे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले पाच जण त्यात एकत्र आणले होते. मालिका १७ अंकांत गुंडाळली गेली. बर्न त्याच वर्षाअखेरीस एक्स-मेन या मार्व्हलच्या महानायक-गटाच्या कथा काढू लागला आणि त्या चित्रांनी त्याचे नाव झाले. मँट्लोच्या नावावर रॉकेट रकून हे रकून या अमेरिकी प्राण्यावर बेतलेले पात्रही आहे, कीथ गिफेनच्या जोडीने १९७६ मध्ये केलेले. पुढे तो वकील झाला आणि गरिबांचे खटले चालवू लागला. १९९२ मध्ये मोटारीच्या धडकेने त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. बोलणारा रकून आणि माश्यांचा नाझी एकाच डोक्यातून निघाले, यावरून त्या डोक्याचा वेग कळावा.

१९७९ च्या अखेरीस मँट्लोने स्वॉर्मला 'पीटर पार्कर, द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन' मालिकेच्या ३६ आणि ३७ व्या अंकांत स्पायडर-मॅनसमोर उभे केले. स्पायडर-मॅनची खरी अडचण इथे होते. ठोसा मारावा तर हात आरपार जातो. जाळे फेकावे तर माश्या पांगतात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. शेवटी तो कीटकांना पळवून लावणाऱ्या द्रवात भिजवलेला पोशाख घालून थेट माश्यांच्या घोळक्यात शिरतो. महानायकाने अंगाला डासांचे मलम चोळून लढाईला जावे, त्यातलाच हा प्रकार. तेव्हापासून स्वॉर्म मुख्यतः स्पायडर-मॅनच्याच शत्रूंत मोजला जातो, तेही पहिल्या फळीत नाही.

त्या दशकातली भीती

मधमाशीसारख्या उपकारी किड्याला खलनायक करणे १९७७ च्या अमेरिकेत अजिबात विचित्र वाटत नव्हते. त्याची सुरुवात ब्राझीलमध्ये झाली होती. १९५६ मध्ये वॉरविक केर या ब्राझिली आनुवंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतून मधमाश्यांच्या राण्या आणल्या. उष्ण हवेत तग धरतील आणि जास्त मध देतील अशा माश्या त्याला तयार करायच्या होत्या. पेट्यांच्या दाराशी जाळ्या लावलेल्या होत्या. कामकरी माशी त्यातून जाते, अंगाने मोठी राणी अडकते. १९५७ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या रिओ क्लारोजवळ या जाळ्या काढल्या गेल्या आणि २६ वसाहती राण्यांसह उडून गेल्या. त्या स्थानिक युरोपी माश्यांत मिसळल्या आणि संकरित प्रजा वर्षाला तीनशे ते पाचशे किलोमीटरच्या चालीने उत्तरेकडे सरकू लागली.

अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्यांना 'किलर बीज' म्हणजे मारेकरी माश्या हे नाव दिले आणि त्या टेक्सासला कधी पोहोचणार याचे नकाशे छापले. टेक्सासमधल्या हिडाल्गोला त्या पोहोचल्या ऑक्टोबर १९९० मध्ये. दरम्यानच्या काळात दूरचित्रवाणी, चित्रपट आणि कॉमिक्स या सर्वांनी त्यांवर आपापला धंदा करून घेतला. वस्तुस्थिती अशी की या माशीचे विष युरोपी माशीपेक्षा जहाल नसते. ती लवकर बिथरते, एका वेळी कितीतरी जास्त माश्या तुटून पडतात आणि लांबवर पाठलाग करतात, धोका एवढाच. ब्राझीलचे मधपाळ आज याच माश्यांवर व्यवसाय करतात.

दुसरी भीती दक्षिण अमेरिकेत दडलेल्या नाझींची. तीही निव्वळ कल्पना नव्हती. ज्यूंच्या संहाराची व्यवस्था लावणारा अ‍ॅडॉल्फ आइकमन १९६० मध्ये ब्युनोस आयरेसजवळ सापडला. ऑशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले तर शेवटपर्यंत सापडलाच नाही, तो १९७९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर बुडून मेला. मँट्लोने मारेकरी माश्या आणि दडलेले नाझी या दोन बातम्या एकाच पोत्यात घातल्या आणि पोते हलवले.

मधमाश्या आणि जर्मन ही सांगड मात्र त्याच्याही आधीची. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीच्या टांगा बंदरावर ब्रिटिशांनी हिंदुस्थानी फौज उतरवली, तेव्हा गोळीबाराने बिथरलेल्या रानमाश्यांनी सैनिकांना फोडून काढले. पराभव झाला. माश्या जर्मनांनी मुद्दाम सोडल्या, अशी वदंता इंग्रजी वृत्तपत्रांत पसरली. माश्यांनी जर्मनांनाही सोडले नव्हते, ही गोष्ट त्या वदंतेत बसत नव्हती.

आणि नाझी राजवटीत मधमाश्यांचा एक खराखुरा थोर शास्त्रज्ञ होता, तो मायरच्या अगदी उलट. म्युनिकच्या कार्ल फॉन फ्रिशची आजी ज्यू वंशाची निघाली आणि १९४१ मध्ये त्याला विद्यापीठातून काढण्याचा हुकूम आला. त्याच सुमारास नोसेमा या रोगाने जर्मनीतल्या पेट्याच्या पेट्या ओस पडत होत्या. माश्या गेल्या तर फळबागा जातील, म्हणून फ्रिशची हकालपट्टी युद्ध संपेपर्यंत लांबणीवर टाकली गेली. माश्यांनीच त्याची नोकरी वाचवली, असे म्हणायला हरकत नाही. फुले कुठे आहेत हे माशी नाचून सांगते, या त्याच्या शोधाला १९७३ मध्ये नोबेल मिळाले.

शरीर, शक्ती आणि हिशेब

स्वॉर्मच्या शक्ती सांगायला सोप्या आहेत. तो उडतो, आकार बदलतो, फटीतून शिरतो आणि एका वेळी हजारो डंख मारतो. गोळी लागली तर चार-दोन माश्या मरतात. गेलेल्यांच्या जागी दुसऱ्या येतात, कारण आसपासच्या माश्यांनाही तो आपल्यात ओढून घेतो.

असा माणूस बनवायला किती माश्या लागतील? एका किलोत ढोबळमानाने सात ते दहा हजार माश्या बसतात. सांगाडा वगळून ५० किलो वजन भरायचे तर साडेतीन ते पाच लाख माश्या हव्यात, म्हणजे भरलेल्या दहा-बारा पेट्या तरी. माश्यांच्या घोसात पोकळी बरीच असते, तेव्हा याहून कितीतरी कमी माश्यांतही आकार उभा राहील. पण मग तो माणूस वजनाने पोरसवदा असणार.

मायरला माश्यांनी खाल्ले, ही गोष्ट मधमाशी पाहिलेल्या कुणालाही पटणार नाही. मधमाशी मकरंद आणि परागावर जगते. इथे निसर्गाने मँट्लोला उशिरा का होईना हात दिला. १९८२ मध्ये डेव्हिड रूबिकने पनामातल्या एका माशीबद्दल लिहिले, जी पराग सोडून मेलेल्या प्राण्यांच्या मांसावर जगते. तिला डंख मात्र नसतो. एकाच माशीत दोन्ही गुण हवे असतील तर कॉमिक्सकडेच जावे लागते.

थंडीचा मुद्दाही असाच. हवा दहा-बारा अंशांखाली गेली की मधमाशीला उडता येत नाही, ती घोसात बसून राहते. त्यामुळे चॅम्पियन्सच्या मेळात हर्क्युलिस किंवा घोस्ट रायडरपेक्षा सगळे गोठवणाऱ्या आइसमनलाच खऱ्या माशीने जास्त घाबरावे.

कथेची खरी चूक राणीपाशी आहे. राणी हुकूम सोडते, बाकीच्या पाळतात, म्हणून राणीला ताब्यात घेतले की सगळी वसाहत आपली, असे मायर धरून चालतो. हुकूमशाहीत वाढलेल्या माणसाला पोळे असेच दिसणार. प्रत्यक्षात राणी अंडी घालते आणि तिच्या गंधाने वसाहत एकत्र राहते, कारभार तिच्याकडे नसतो. नवे घर शोधायची वेळ येते तेव्हा थवा फांदीला लटकतो आणि काहीशे वयस्क माश्या जागा पाहायला जातात. परत आल्यावर जी ती आपल्या जागेची बाजू नाचून मांडते. जागा जितकी चांगली तितका नाच लांबतो, बघणाऱ्या जाऊन खात्री करून येतात. एखाद्या जागेवर पुरेशा माश्या जमल्या की निर्णय होतो आणि थवा उठतो. राणी बरोबर नेली जाते. थॉमस सीली या अमेरिकी संशोधकाने हे सारे माश्यांवर रंगाचे ठिपके लावून वर्षानुवर्षे मोजले आहे. या माश्यांत एखादा मायर शिरला तर त्यालाही आपल्या जागेसाठी नाचावेच लागेल.

हे आपल्याकडे पाहायचे तर सह्याद्रीच्या कड्यांना लटकलेली आग्या मोहोळे आहेत. आग्या माशी पेटीत राहत नाही. उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि त्यावर माश्यांचे कित्येक थर पडद्यासारखे पसरतात. गांधीलमाशी जवळ आली की पडद्यातल्या माश्या एकीमागून एक शेपटाकडचा भाग वर झटकतात आणि अख्ख्या पोळ्यावरून काळसर लाट सरकत जाते. डोळा मिटेपर्यंत ती या टोकाहून त्या टोकाला जाते. गांधीलमाशी बिचकून मागे फिरते, हे गेराल्ड कास्टबर्गरच्या गटाने नेपाळात चित्रित करून दाखवले. गडावर विडी-शेकोटीचा धूर करून किंवा दगड मारून ज्यांनी हे मोहोळ उठवले आहे, त्यांना स्वॉर्मची कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

माश्यांचा देह ही कल्पनाही आपल्याला नवी नाही, फक्त पक्ष वेगळा आहे. सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की अरुण नावाचा असुर त्रैलोक्याला पीडा देईल तेव्हा मी 'असंख्येयषट्पद' असे भ्रामर रूप घेईन. म्हणजे सहा पायांच्या असंख्य भुंग्यांचे. देवीभागवतात याची कथा येते. अरुणाने वर मागताना शस्त्र, पुरुष, स्त्री, दोन पायांचे, चार पायांचे अशा सगळ्यांपासून अभय मागून घेतले. सहा पाय तेवढे राहून गेले.

पुढचे अवतार

१९८१ च्या 'स्पायडर-मॅन अँड हिज अमेझिंग फ्रेंड्स' या कार्टून मालिकेत स्वॉर्म आला, पण नाझी इतिहास गाळून. मुलांच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात तो चालला नसताच. तिथे तो अंतराळातून पडलेल्या वस्तूच्या प्रभावाने जन्मतो. नंतरच्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' कार्टूनमध्ये तर माश्याही गेल्या आणि त्यांच्या जागी सूक्ष्म यंत्रे आली. यंत्रांचा थवा दिसायला चकचकीत, पण घोंगावण्याने अंगावर उठणारा काटा त्यात उरत नाही.

या कुळातला सर्वांत किळसवाणा सदस्य कीटक नसून कोळी आहे. २००१ मध्ये गार्थ एनिस आणि जॉन मक्रे यांनी 'स्पायडर-मॅन्स टँगल्ड वेब' या मालिकेच्या पहिल्या तीन अंकांत 'द थाउझंड' हे पात्र आणले. कार्ल किंग हा पीटर पार्करला, म्हणजे पुढच्या स्पायडर-मॅनला, शाळेत छळणारा दांडगट पोरगा. पीटरला चावलेला किरणोत्सर्गी कोळी त्याने पाहिला आणि आपल्यालाही तीच शक्ती मिळावी म्हणून तो उचलून चक्क खाल्ला. हळूहळू त्याचे शरीर गेले आणि हजार कोळ्यांचा गोळा उरला, जो माणसांना आतून खाऊन त्यांची कातडी पांघरून फिरतो. मायरप्रमाणे इथेही मन शाबूत राहते, आणि ते मन शाळकरी गुंडाचेच असते. शेवटच्या झटापटीत त्याचे कोळी मरतात, एक तेवढा वाचतो. तो रस्त्यावर येतो आणि एका वाटसरूच्या बुटाखाली चिरडला जातो.