फ्लाइट सिम्युलेटरमधील विमानाच्या कामगिरीची जुळणी

संगणकावरचे विमान खऱ्या विमानाच्या पुस्तिकेतील आकड्यांप्रमाणे उडावे, यासाठी त्याच्या वजन, इंजिन, लिफ्ट (वर उचलणारे बल) व ड्रॅग (हवेचा अवरोध) यांच्या किमती बदलण्याची प्रक्रिया. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये या किमती साध्या मजकुराच्या फायलींत असतात. जुन्या आवृत्त्यांत त्यांतल्या बऱ्याच एअरक्राफ्ट.सीएफजी या फायलीत सापडतात. 2020 च्या आवृत्तीत वायुगतिकी फ्लाइट_मॉडेल.सीएफजीमध्ये आणि इंजिन इंजिन्स.सीएफजीमध्ये विभागले आहे. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर पंखांच्या छोट्या तुकड्यांवरील बल मोजतो, त्यामुळे तिथे प्लेन मेकर या त्याच्या साधनामध्ये विमानाचा आकारच दुरुस्त करावा लागतो.

फायलीला हात लावण्याआधी चाचणीची परिस्थिती पक्की करावी: वारा शून्य, समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस व 1013.25 हेक्टोपास्कल, आणि पुस्तिकेतलेच वजन. सेसना 172एस 8,500 फुटांवर 75 टक्के शक्तीला 124 नॉट वेग गाठते, पण हा खरा हवाई वेग, म्हणजे भोवतालच्या हवेच्या सापेक्ष प्रत्यक्ष वेग आहे. हवा विरळ असल्याने वेगदर्शकावर त्या उंचीला सुमारे 109 नॉटच दिसतात, आणि ते पाहून विमान मंद असल्याची तक्रार करणारे कमी नाहीत.

वेग खरोखरच कमी भरला, तर पहिला मोह इंजिनाची शक्ती वाढवण्याचा होतो. तो टाळावा. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. 113 चे 124 नॉट करायला जवळपास एक तृतीयांश जादा शक्ती लागेल, आणि मग 180 अश्वशक्तीची सेसना भलत्याच दराने वर चढेल. इंजिनाचे आकडे पुस्तिकेशी जुळत असतील, तर पॅरासाइट ड्रॅगचा (विमानाच्या आकारामुळे व पृष्ठभागामुळे होणाऱ्या अवरोधाचा) स्केलर, म्हणजे गुणक, 1.0 वरून 0.75 च्या आसपास आणून पाहावा. हा ड्रॅग वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून त्याचा परिणाम क्रूझमध्ये (स्थिर उंचीवरील प्रवासात) ठळक आणि चढाईत कमी जाणवतो. इंड्यूस्ड ड्रॅगचे (लिफ्ट निर्माण होताना येणाऱ्या अवरोधाचे) उलट असते, त्यामुळे तो कमी वेगात तपासतात. इंजिन बंद करून 68 नॉटला तरंगत उतरताना दोन्ही साधारण सारखेच असतात, म्हणून ही चाचणी फार उपयोगी पडते.

एका वेळी एकच किंमत बदलावी. मूळ फायलीची प्रत जपणे ओघाने आलेच. विमानाचे नाक चंचल वाटत असेल, तर एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील पट्टीच्या) स्केलरआधी जॉयस्टिकची संवेदनशीलता आणि गुरुत्वमध्याची जागा तपासावी. गुरुत्वमध्य फार मागे गेला असेल, तर स्केलर कितीही कमी केला तरी विमान अस्थिरच राहते.