एक सूर्य, दिवे दोन

एकाच जागेचा दुपारी बाराचा आणि संध्याकाळचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, की संध्याकाळचाच उजवा ठरतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘तेव्हा ऊन कमी असतं ना!’ हे अर्धंच खरं. प्रकाश नुसता कमी झाला तर कॅमेऱ्याचं काही अडत नाही. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की हिशेब जुळतो. फोटो बदलतो तो दुसऱ्याच कारणाने. दिवसा उघड्यावर उभ्या असलेल्या माणसावर एक नव्हे, दोन दिवे लागलेले असतात: सूर्य आणि आकाश.

दोघांचे स्वभाव अगदी उलट. सूर्य प्रखर, पण आपल्याला तो दिसतो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा. म्हणून त्याची सावली धारदार; एक मीटरवरून पडलेल्या सावलीची कड साधारण 9 मिलिमीटर इतकीच पुसट असते. आकाशाचा प्रकाश मात्र सगळ्या बाजूंनी येतो, ठळक सावली पाडत नाही आणि निळा असतो. तोही मुळात सूर्याचाच, फक्त हवेच्या रेणूंनी विखुरलेला. हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं. 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो तो यामुळेच. दिवसभरात फोटोत जे काही बदलतं, त्यातलं बरंचसं या दोन दिव्यांच्या बदलत्या प्रमाणाने समजतं.

दुपारी सूर्याचीच सत्ता. ऊन डोक्यावरून येतं, भुवयांखाली डोळे बुडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते. उन्हातला भाग सावलीतल्या भागापेक्षा कित्येक पट उजळ असतो. आपले डोळे इकडून तिकडे फिरताना जुळवून घेत राहतात, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीला, ती मुभा नसते. त्याला सगळ्या चौकटीसाठी एकच एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायच्या प्रकाशाचं एकच माप, मिळतं, मग ऊन पांढरंफटक पडतं किंवा सावली काळीठिक्कर. आणि निरभ्र दिवशी पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीचा फोटो नीट पाहा: ती करडी नसते, निळसर असते. तिथे सूर्य पोहोचलेला नाही, उजेड आहे तो दुसऱ्या दिव्याचा.

सूर्य कलला की त्याच्या किरणांना जास्त हवा कापावी लागते. सूर्य डोक्यावर असताना वाटेत जितकी हवा असते, तिच्या दुप्पट तो क्षितिजापासून 30 अंशांवर आला की होते, आणि अगदी क्षितिजावर सुमारे 38 पट. एवढ्या वाटचालीत निळा प्रकाश गळून जातो, उरतं ते पिवळं-नारिंगी ऊन. शिवाय सूर्य झपाट्याने मंदावतो. आकाश त्या मानाने कमी. दोन्ही दिवे एकमेकांच्या जवळ येतात. चेहऱ्याची एक बाजू सोनेरी उजळते आणि दुसरी निळसर, पण तपशिलासकट दिसते. ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे सूर्य क्षितिजाजवळ असतानाच्या या सोनेरी वेळेची, सगळी जादू याच तडजोडीत आहे. त्यात ऊन आडवं येत असल्याने भिंतीचा खडबडीतपणा, वाळूवरच्या लाटा, कापडाची वीणसुद्धा उठून दिसते.

हा काळ किती टिकतो, हे अक्षांशावर ठरतं. सूर्य क्षितिजाच्या 6 अंश वर ते 4 अंश खाली असा धरला, तर विषुववृत्तावर मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी हे अंतर 40 मिनिटांत संपतं. 60 अंश अक्षांशावर त्याच दिवशी साधारण दुप्पट वेळ मिळतो.

प्रकाशाची दिशा किती बोलकी असते याचा गमतीदार पुरावा फ्रान्समधल्या निसेफोर निएप्सच्या खिडकीतून टिपलेल्या, 1826-27 च्या सुमाराच्या चित्रात आहे. टिकून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांत ते सर्वांत जुनं मानलं जातं. एक्स्पोजर इतकं लांबलेलं, की तोवर सूर्य एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या भिंती दोन्ही उन्हात न्हालेल्या दिसतात. सकाळ आणि संध्याकाळ एकाच चौकटीत!

ढगाळ दिवशी दोन दिव्यांचा एकच होतो, मोठा आणि मऊ. निसर्गदृश्य बेचव होतं, पण चेहरे आणि फुलं टिपायला असा दिवस सोडू नये.

सूर्यास्तानंतर फक्त आकाश उरतं, आणि इथे रॅलेंचा नियम एकटा पुरत नाही. संधिप्रकाशात किरण वातावरणातून इतका तिरपा, लांबचा प्रवास करतात, की नुसत्या विखुरण्याने डोक्यावरचं आकाश फिकट पिवळट व्हायला हवं. ते गडद निळं राहतं ते मुख्यतः ओझोनमुळे. उंचावरचा ओझोन पिवळा, नारिंगी आणि तांबडा प्रकाश शोषून घेतो, आणि वाट लांब असल्याने हे शोषण ठळक होतं. 1950 च्या दशकात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी हे गणिताने मांडलं.

एवढं सगळं जुळून आलं तरी कॅमेरा त्यावर पाणी ओतू शकतो. ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच मुळी प्रकाशाचा रंग पुसून पांढरं ते पांढरं दाखवणं. सोनेरी ऊन त्याला दोष वाटतो आणि तो त्यात निळा मिसळतो. अशा वेळी सेटिंग ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण 5500 केल्विनवर (प्रकाशाचा रंग मोजायचं एकक) ठेवावं, दुपारचं ऊन पांढरं धरलं की संध्याकाळचं आपोआप पिवळं उमटतं. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली माहिती, असेल तर हा निर्णय नंतरही घेता येतो. करपलेलं एक्स्पोजर मात्र तिथेही फारसं सावरत नाही.